पांढऱ्या लुगड्यातली बाई आणि नानाचा तंबू

पिक्चर दाखवणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, ‘तुम्ही पाहिलेला सगळ्यांत चांगला पिक्चर कुठला?’ आता काय सांगणार? मी पिक्चर फारसे पाहिलेच नाहीत. मी पिक्चर बघणारी माणसं पाहिली. पडदा माझ्या कुशीला असायचा आणि लोक समोर. त्यामुळे गोष्टी विसरलो, पण लोकांचे किस्से डोक्यात इतके साचून राहिलेत की एक सांगायला घेतला की दुसरा ‘आधी माझा सांग’ म्हणून पुढे घुसतो. आणि त्यातले निम्मेशिम्मे एकाच पिक्चरचे आहेत. भुताच्या पिक्चरचे!

साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या मालवणच्या नानाची टूरिंग टॉकीज होती. टॉकीज म्हणजे काय, तर एक ठिगळं लावलेला तंबू, एक प्रोजेक्टर, एक धूर ओकणारं इंजिन, मागच्या बाजूला मांडायला थोड्या खुर्च्या आणि आम्ही दोन माणसं. इनास हा ऑपरेटर. मालवणचाच ख्रिश्चन, हाडकुळा, यंत्रावर जीव टाकणारा. आणि मी भोंगेवाला. दिवसा बैलगाडीला भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरायचं, आणि दिवेलागणीनंतर पडद्याच्या कडेला माईक घेऊन बसायचं. कारण त्या वेळी आमच्याकडे हिंदी किती जणांना कळत होतं? पडद्यावरचा हिरो जे बोलेल ते मी लगोलग मालवणीत करून सांगायचो. हिरॉइनचंही मीच सांगायचो. लोकांना त्याचं काही वाटत नसे.

दिवाळी झाली की तंबू बाहेर पडायचा तो पावसाच्या तोंडावर मालवणात परत यायचा. मधूनमधून नाना सायकल मारून घरी जाऊन यायचा. त्याची बायको आनंदी, आम्ही सगळे वैनी म्हणायचो. बाई कामाला वाघ, पण तंबूत तिने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्या वर्षी गणपतीला तिचा भाऊ मुंबईहून आला आणि सांगून गेला की गिरणीत नानासाठी जागा बघून ठेवली आहे. वैनीच्या तिन्ही बहिणींचे नवरे मुंबईला. तिने नानाला सरळ सांगितलं, “हो मोसम तुमचो तंबू. चललो तर बरा. नाय तर पावसाआधीची शेवटची बोट धरा नि मुंबयक जावा.”

नानाने मान डोलावली. दुसरं काय करणार? तोवर आम्ही देवाधर्माचेच पिक्चर लावत होतो, आणि तेच तेच बघून लोकांना ते तोंडपाठ झाले होते. नारदाच्या आधी लोकच नारदाचं बोलायचे. नाना मुंबईला जाऊन नवीन पिक्चरची पेटी घेऊन आला. इनासने पेटीवरचं पोस्टर बघितलं आणि विचारलं, “नाना, ह्यां काय हाडलंस?” हाडणं म्हणजे आमच्याकडे आणणं.

नाना म्हणाला, “देवांका बघलंय. आता भुतांका बघतंय.”

पिक्चरची गोष्ट थोडक्यात सांगतो. एक शहरातला तरणाबांड हिरो घोडागाडीतून एका जुन्या हवेलीत येतो. बाहेर धुकं, आत जळमटं. दिवा हातात घेतलेली पांढऱ्या लुगड्यातली एक बाई गाणं म्हणत हवेलीभर फिरते आणि हिरो मागे धावला की नाहीशी होते. शेवटी उलगडा होतो की ती भूत नाही, जितीजागती बाई आहे. हा उलगडा म्हणजे पिक्चरचा जीव. नानाने आम्हाला शपथच घातली होती, “बाई भूत नाय, ह्यां कोणाकडे बोलशात तर बघा. मुंबयची बोट माझ्या कपाळाक येतली.”

*

पहिला मुक्काम आचऱ्याच्या बाजूच्या एका गावात पडला. खुंट्या ठोकायला घेतल्या तोच गावचे मानकरी आले. त्यातल्या वडीलधाऱ्या आजोबांनी पोस्टर नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “नाना, तू भूत हाडलंस. हाड. पण गावच्या शिवेत भूत घेवन येतंस तर देवाक विचारलंस?”

नारळ घेऊन सगळे देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला तांदूळ लावून कौल लावला. आमचे डोळे त्या तांदळांवर. डाव्या बाजूचे पडले असते तर तंबू तिथल्या तिथे गुंडाळावा लागला असता. उजवे पडले. मग आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सगळं समजावून सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार भरायचा.

“बा देवा म्हाराजा, आज हो नाना तंबू घेवन तुज्या शिवेत इलो हा.”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या तंबूत एक पांढऱ्या लुगड्यातली बाई आसा. ती गावची नाय, मुंबयची आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“तिका काय नाचूचा-गावचा आसात तां तिना पडद्यार करूचा. पडद्याभायर पाय टाकूचो नाय. नि खेळ सोपलो की पेटयेत बसान इल्या वाटेन परत जावचा, असो तिका हुकूम कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

संध्याकाळी तंबू गच्च भरला. देवाची परवानगी मिळालेला पिक्चर, कोण सोडतो? पहिली घाबरवणारी जागा आली. हिरो हवेलीत कोंडला जातो आणि देवघरासमोर हात जोडून उभा राहतो. मी नेहमीप्रमाणे माईकवरून सांगितलं, “देवा, माका ह्या संकटातसून सोडय.”

आणि अख्खा तंबू एका आवाजात, “व्हय म्हाराजा!”

इंजिनाचा आवाज बुडाला. पुढे हिरो त्या संकटातून सुटला तेव्हा सगळ्यांनी आजोबांकडे वळून बघितलं. आजोबांनीही जरा मिशी सारखी केली.

*

दुसऱ्या गावात काशीबाय भेटली. वय कुणालाच ठाऊक नाही, तोंडात दात नाहीत, पण नजर लख्ख. पुढे जमिनीवर गोणपाट घालून बसली होती. पांढऱ्या लुगड्यातली बाई पहिल्यांदा जिन्यावरून उतरली. लोक एकमेकांचे हात धरून बसलेले. आणि काशीबायचा खणखणीत आवाज आला, “ही भूत नाय.”

माझा माईक हातातून पडायचा राहिला.

“भूत नाय कशी गो?” कोणीतरी विचारलं.

“पाय बघ तिचे. सरळ आसत. हाडळ आसती तर पाय उलटे आसते. ही बाई आसा. सोंग करता.”

झालं! जो उलगडा मुंबईच्या लोकांना तीन तास घाम काढल्यावर कळत होता तो आमच्या काशीबायने पहिल्या रिळात करून टाकला. नाना दाराशी तिकिटं फाडत उभा होता, तो तसाच खाली बसला. खेळ सुटल्यावर मला म्हणाला, “गेला. बोटीचा बघूक व्हया.”

पण दुसऱ्या दिवशी बघतो तर पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी. गावात तट पडले होते. एक म्हणे पाय सरळ, दुसरा म्हणे लुगडं लांब आहे, पाय दिसतात कुठे? आणि पाय दिसायला हवेत तर पडद्याजवळ बसायला हवं. त्यामुळे मागच्या खुर्च्या ओस आणि जमिनीवर मुंगीला जागा नाही. खुर्चीचं तिकीट काढलेला एक सावकार नानाशी भांडायला आला. “मी खुर्चीचे पैसे दिलंय. माका जमनीर बसाक मेळाक व्हया.”

नानाने धंद्यातली आयुष्यभराची समजूत गुंडाळून ठेवली आणि पुढच्या खेळापासून जमिनीचा दर खुर्चीपेक्षा जास्त लावला.

*

आता इनासचं सांगायला हवं. तो रागावणार नाही, रागावला तरी मी सांगणारच.

इनास हा प्रोजेक्टरचा जाणकार माणूस. कार्बनच्या कांड्या कितीही कुरकुरल्या तरी पडद्यावरचा उजेड हलू द्यायचा नाही. पण भुताला भयंकर भ्यायचा! बाई भूत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी ती जिन्यावर दिसली की तो छातीवर क्रूस करायचा आणि डोळे गच्च मिटून घ्यायचा. डोळे मिटले की फोकस कोण बघणार? चित्र धूसर व्हायचं. बाई पांढऱ्या वाफेसारखी पसरट दिसायची. गाणं संपलं की इनास डोळे उघडायचा आणि चित्र पुन्हा लख्ख.

लोकांना ते फार आवडलं. ‘भूत इला की कसा धुरासारखा दिसता!’ असं एका गावाने पुढच्या गावाला सांगितलं. आम्हाला वाटलं, पिक्चरच तसा काढलाय.

मध्येच एकदा इनासला ताप आला आणि नानाने स्वतः मशीन चालवलं. नाना भुताला भीत नव्हता. बाई पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत आरशासारखी स्वच्छ दिसली. कानातल्या कुड्यासुद्धा दिसल्या. खेळ सुटल्यावर लोक नानाच्या अंगावर आले. “आमका काय समाजलंस? शेजारच्या गावात भूत दाखवलंस नि आमका नुसती बाई दाखवतंस?”

तेव्हा नानाच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या संध्याकाळी तो तापलेल्या इनासला घोंगडी पांघरून मशीनमागे बसवून आला. म्हणाला, “काय करू नको. नुसतो भी.”

*

कसालात आम्ही मोठ्या उमेदीने गेलो. हमरस्त्यावरची बाजारपेठ, आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं येणार. आणि आलीही. सगळी बागायतवाली मंडळी. आंबा-काजूवाले, अंगावर घरचे जाड सदरे, चेहऱ्यावर दिवसभराचं ऊन.

पिक्चर सुरू झाला. घोडागाडी आली. आणि आमचं नावाजलेलं धुकं पडद्यावर उतरायला लागलं. शहरातला माणूस या धुक्याने शहारतो. नानाचं म्हणणं होतं की धुक्यातच निम्मी तिकिटं वसूल होतात. मी मुद्दाम आवाज खाली उतरवून म्हटलं, “चारी बाजून धुका. आणि तेच्यात ती हवेली.”

समोर बघतो तर माणसं शहारलेली नव्हती. उतरलेल्या तोंडाने बसली होती. कोणी मान हलवतोय, कोणी डोकं धरून. जवळच बसलेला एक काजूवाला शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “मोहोर गेलो.”

“गेलो मरे,” शेजारी म्हणाला. “ह्या धुक्यात काय रवता? सगळो करपलो.”

तेवढ्यात हवेलीभोवतीची झाडं दिसली. मागून तिसरा म्हणाला, “तीं कलमां आसत मा रे? काय ही नशिबा.”

त्यानंतर बाई आली, गायली, गेली. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. हिरोवर झुंबर कोसळलं तरी कसाल हललं नाही. इंटरव्हलमध्ये गरम भजी तशीच राहिली. खेळ सुटल्यावर एक म्हातारा नानाजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “पिक्चर बरो आसा रे. पण असो वायट पिक्चर फाल्गुनाआधी लावू नको. माणसांका जेवाण जावचा नाय.”

दुसऱ्या दिवशी तंबू रिकामा. नानाने त्या मुक्कामात बोटीचा विषय रोज काढला.

*

त्यानंतरच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथला पोस्टमन अजून मला ओळखतो.

आमच्याकडे जुनी समजूत आहे. कोणी हाक मारली की पहिल्या हाकेला ‘ओ’ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली म्हणजे माणूस, मग खुशाल ‘ओ’ द्या. आता पिक्चरमध्ये काय होतं, बाई अंधारातून हिरोचं नाव घेते आणि तो शहाणा पहिल्याच हाकेला “मैं आया” म्हणून धावत सुटतो.

मी काही बोलायच्या आधी तंबू ओरडला, “ओ देव नको रे मेल्या!”

हिरोने दिली. बायकांनी कपाळावर हात मारले. एक म्हातारी तर पदर डोळ्याला लावून म्हणाली, “आवशीन कायेक शिकवक नाय पोराक.”

तीन दिवस गर्दी झाली. नाना खूष. चौथ्या दिवशी भर दुपारी पोस्टमन सायकल आपटून तंबूपाशी आला. आवाज असा बसलेला की आधी काही कळेचना. नानाने पाणी दिलं. मग तो म्हणाला, “नाना, बंद करा हो पिक्चर. माझो घसो फुटलो. खंयच्याय दारात जावा नि हाक मारा, घरात माणसां आसत, खिडकेतसून बघतत, पण ओ देयनत. तीनदा हाक मारूक लागता.”

नाना म्हणाला, “अरे, पण तू पोस्टमन. तुका वळखतत.”

“वळखतत म्हणानच जास्त भियतत. म्हणतत, भूत वळखीच्याच रूपात येता.” त्याने उरलेलं पाणी प्यायलं. “काल मुंबयची मनीआर्डर म्हणान सांगलंय. तरी ओ नाय. आता बोला.”

मनीऑर्डरलाही ‘ओ’ नाही म्हटल्यावर नानाचे डोळे भरून आले. म्हणाला, “ह्यो पिक्चर चलतलो रे.”

*

पण चालायचा कसा, तर एका गावात चालायचा आणि पुढच्यात आपटायचा. आरोंद्याला खाडीकाठी तंबू ठोकला तेव्हा तर दुहेरी गंमत झाली.

तंबूच्या जागेशेजारी देवचाराचं ठिकाण होतं. देवचार म्हणजे आमच्या शिवेचा राखणदार. घोंगडी, काठी आणि पायात वहाणा घालून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. भूत म्हणण्यापेक्षा घरचं वडील माणूस म्हणा. गावकऱ्यांनी नानाला सांगितलं, शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची रिकामी ठेव, त्याला यावंसं वाटलं तर येईल. नानाने खुर्ची पुसून ठेवली.

त्या संध्याकाळी तालुक्याहून कोणी एक साहेब मुक्कामाला आले होते. पिक्चर सुरू झाल्यावर अंधारात आले आणि नेमके त्या खुर्चीत बसले. थंडी होती म्हणून अंगावर शाल घेतलेली, हातात काठी. शेजारच्या माणसाने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मग त्याच्या शेजारच्याने. हळूहळू अख्खी रांग उठून उभी राहिली. पुढची रांग मागे वळली. पडद्यावर बाई जीव तोडून गात होती, पण गावाला आता तिच्याशी काय घेणं? खरा माणूस आला होता!

एक जण वाकून पुढे झाला. “म्हाराजा, विडी घेवा.” साहेबांनी घेतली. दुसऱ्याने सोडा आणून दिला. तिसऱ्याने पायाजवळ नारळ ठेवला. इंटरव्हलचा दिवा लागला तेव्हा लोकांना आपली चूक कळली, पण आता देऊन झालेलं मागणार कसं? साहेब पुढे कित्येक वर्षं तालुक्यात सांगत फिरायचे, “सभ्य गाव बघायचं तर आरोंद्याला जा. अनोळखी माणसाला इतका मान मी कुठे पाहिला नाही.”

आणि त्याच तंबूत पुढच्या बाजूला मच्छीमार मंडळी बसली होती. दुसऱ्या भागात बाई एकटी होडीत बसून तळ्यावरून जाते. वल्हं नाही, शीड नाही, होडी आपोआप सरकते. मुंबईत म्हणे इथे माणसं बेशुद्ध पडायची. आमच्या मंडळींत वाद लागला. एक म्हणाला ओहोटीचं पाणी आहे, दुसरा म्हणाला तळ्याला कुठली आलीय ओहोटी, कोणीतरी खालून दोरीने ओढतोय. एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, उठून थेट माझ्याकडे आला, माईकवर हात ठेवला आणि म्हणाला, “तू ह्या बाईची भाषा समाजतंस. तिका विचार, वारो खंयचो?”

*

असा तो मोसम गेला. चैत्र उलटला, वैशाख उलटला. हिशेब मी सांगत नाही, नानाच्या तोंडाकडे बघितलं की कळत होतं. पिक्चरने बुडवलं नव्हतं, पण तारलंही नव्हतं. तंबू मालवणात परत आला. दोन दिवसांनी पावसाआधीची शेवटची बोट होती. नानाने ट्रंक माळ्यावरून काढली. वैनीने कपडे घडी करून भरले. जाणं ठरलं.

आम्हाला फार वाईट वाटत होतं. इनास तर मशीन पुसताना त्याच्याशी कोंकणीत काहीतरी बोलत होता. नाना म्हणाला, “शेवटचो खेळ लावूया. मालवणाक. बायकांका फुकट.” आणि बोटीच्या आदल्या दिवशी घरी जाऊन वैनीला म्हणाला, “गो, इतक्या वर्सांत एकदाय येवक नाय. आज तरी ये.”

वैनी आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, शेजारपाजारच्या दहा-बारा बायकांच्या मधोमध बसली. मी पडद्याच्या कडेला होतो, ती मला समोर दिसत होती. त्या दिवशी बायकांनी काय दंगा केला! बाई दिसली की किंचाळायच्या, नाहीशी झाली की हसायच्या, एकमेकींच्या पाठीमागे लपायच्या. वैनी मात्र हलली नाही. हनुवटीला हात लावून बघत राहिली. बाई दिवा घेऊन दालनातून गेली, वैनीची नजर तिच्या मागून गेली. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मी सांगायचं विसरलो, इतका मी तिच्याकडेच बघत होतो.

खेळ सुटला. बायका दारातून बाहेर पडत होत्या. नाना तिथेच उभा होता, इनास इंजिन बंद करून आला होता. एका शेजारणीने वैनीला कोपराने ढोसलं. “काय गो आनंदी, भियालंस? दातखीळ बसली तुजी.”

“भियातलंय कित्याक?” वैनी म्हणाली.

“भुताक.”

“भूत खंयचा? एवढ्या मोठ्या घरात एकटी आसा. दिवो घेवन हयसून थंय फिरता. खंय कायेक वाजला की दारात येवन बघता. कोणाक दिसली तर पळान जाता, लोक काय म्हणतीत म्हणान.” तिने पदर सारखा केला. “तिचो घोव मुंबयक आसतलो.”

त्या दहा-बारा बायकांतल्या बहुतेकींचे नवरे मुंबईलाच होते. मग एकीने घरी मुलं एकटी आहेत म्हणून पाय उचलले आणि सगळ्या चालू लागल्या.

सकाळी इनास आणि मी नानाला बोटीवर पोचवायला त्याच्या घरी गेलो. बंदराकडून बोटीचा पहिला भोंगा ऐकू आला. नाना कालचाच सदरा-धोतर घालून ओटीवर बसला होता, चहा झाला होता, निरोपाचं बोलून झालं होतं. इनासने ट्रंक उचलायला हात घातला आणि जोर लावला, तर ती भसकन वर आली आणि तो पाठीवर पडता पडता वाचला. त्याने घाईघाईने क्रूस केला. “नाना, हेच्यात कायेक नाय!”

नानाने झाकण उघडलं. रिकामी ट्रंक. तो आत वळून म्हणाला, “गो, माझे कपडे खंय गेले?”

वैनी परसातून हात पुसत आली. दुसरा भोंगा झाला. ती आमच्या कोणाकडे न बघता चहाचे पेले गोळा करायला लागली.

“धुतलंय,” ती म्हणाली. “दांडयेर आसत. सुकाक येळ लागतलो.”